ती मराठी नव्हे

डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, प्रेसवर चढवून बोल्ट आवळले, की मागच्या बाजूला उभ्या असलेल्या मदतनिसाला "ओके?" म्हणून विचारायचं, मनात तीन मोजायचे आणि बटण दाबून प्रेस हळूहळू खाली आणायची, ही संजीवची कामाची रीत होती. मागून उत्तर येत असे का? येत असणार. गेली चार-पाच वर्षं ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं एवढंच. मदतनीस कधी नाही म्हणत नसत, म्हणून तीन मोजण्यावर भागत होतं. आधी भोसरीत आणि मग चौदा वर्षं इथे, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैत, असा हा माणूस वीस वर्षं दणदणणाऱ्या प्रेसपुढे उभा होता. त्याचे कान कधी गेले ते त्यालाही नेमकं सांगता आलं नसतं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी मात्र भागलं नाही. इथे ज्याला कत्तिरीचं ऊन म्हणतात ते लागलेलं होतं. शेडचा पत्रा तापून आत भट्टी झाली होती आणि प्रत्येकाची वर्दी पाठीला चिकटली होती. मागे गुरुराज होता. तीन महिन्यांपूर्वी कंत्राटावर लागलेला, तिशीचा, अबोल माणूस. डायमध्ये पत्र्याचा एक तुकडा अडकला होता, तो काढायला त्याने हात घातला. इकडून संजीवने विचारलं. तिकडून गुरुराज ओरडला. संजीवने तीन मोजले.

गुरुराजच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. संजीवला किंकाळीसुद्धा ऐकू आली नाही. समोरच्या लाइनवरची माणसं हातातलं टाकून धावत येताना दिसली तेव्हा त्याला कळलं की काहीतरी झालंय. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

कान गेल्याचं झाकायला माणसं काय काय करतात. कोणी सर्दी झाल्याचं सांगतं, कोणी फोनला रेंज नाही म्हणतं. संजीवने भाषा पांघरली होती. परमुलखातल्या माणसाला ते पांघरूण फुकट मिळतं. कोणी काही विचारलं आणि कळलं नाही, की हा हात जोडून हसायचा आणि म्हणायचा, "तमिळ तेरियादु." मला तमिळ येत नाही. समोरचा माणूस मान हलवायचा, खाणाखुणा करून सांगायचा आणि संजीवला तेच हवं असायचं. खरं तर तमिळ त्याला चांगलं येत होतं. आल्यावर पहिल्या दोन वर्षांत, कान शाबूत असताना, शिकला होता, पण कारखान्यात हिंदीवर आणि घरी मराठीवर भागत असल्याने ते कोणाला माहीत नव्हतं. वर्षातून एकदा कानांची तपासणी करणारी गाडी कारखान्यात येई. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं असे. काचेपलीकडे आवाज सोडणाऱ्या बाईचा खांदा हलला, की हा हातातलं बटण दाबायचा. पाच वर्षं पास झाला. कानात नापास झालेल्याला प्रेसवरून काढतात आणि खोकी भरायला बसवतात. डाय चढवणारा कारागीर आणि खोक्यांना चिकटपट्टी लावणारा माणूस यांत किती अंतर असतं, ते कारखान्यात राहिलेल्यालाच कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो स्वतःला सांगे.

गुरुवारी चौकशी झाली. थंडगार, बंद खोली. सुरक्षा अधिकारी नारायणस्वामी आणि कार्मिक विभागातली हरिप्रिया मॅडम टेबलापलीकडे, अलीकडे संजीव आणि हाताला भलंमोठं बँडेज बांधलेला गुरुराज. शांत खोलीत, समोरासमोर, ओठ दिसत असले की संजीवला बरंच समजे. गुरुराज म्हणाला की मी थांबा म्हणून ओरडलो, हात आत आहे म्हणूनही सांगितलं. कोणत्या भाषेत, असं नारायणस्वामींनी विचारलं. मराठीत, तो म्हणाला. संजीव मराठी माणूस, आणि माझीही घरची भाषा मराठीच. माझे वाडवडील तंजावरचे.

नारायणस्वामींना हे नवीन होतं. त्यांनी संजीवकडे वळून हिंदीत विचारलं, हा बोलतो ती तुमचीच भाषा आहे का?

त्या एका क्षणात संजीवने काय ते ठरवलं. हो म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार, मग ऐकलं का नाही? आणि त्या प्रश्नाला त्याच्याजवळ पांघरूण नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, ती मराठी नव्हे. हे लोक काय बोलतात ते आम्हाला कळत नाही."

गुरुराज त्याच्याकडे बघत राहिला. नारायणस्वामींनी लिहून घेतलं की मदतनिसाने ठरलेला शब्द न वापरता समोरच्याला न कळणाऱ्या बोलीत सूचना दिली. अंतिम सुनावणी पुढच्या सोमवारी ठेवली. चूक गुरुराजची ठरली तर त्याचं कंत्राट संपणार, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं. दोन बोटं अर्धी झालेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार, हेही माहीत होतं. तोपर्यंत संजीवला घरी बसायला सांगितलं.

घर श्रीपेरुंबुदूरला, एका सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. बायको हेमलता आणि बारावी झालेली मुलगी तनया. हेमलता आजूबाजूच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मराठी माणसांना डबे करून देई. अठरा डबे, रोजच्या शंभरावर चपात्या. संजीव घरी असला की भाजायला उभा राहायचा. ती पोळपाटावर लाटून हात लांब करून द्यायची, तो भिंतीकडे तोंड करून तव्यावर टाकायचा, आणि डोक्यावर धूर ओढणारा पंखा घरघरत असायचा. या असल्या जागी ती सतत त्याच्या पाठीशी बोलायची आणि तो उत्तर द्यायचा नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं ती म्हणायची. तेही पाठीलाच.

तिला नवऱ्याच्या कानांचं माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, फोन आला की तो तिच्या हातात देत होता, लग्नकार्याला जायचं टाळत होता. हे सगळं तिला दिसत होतं. पण ह्यांना ऐकायचंच नसतं, असं म्हटलं की ती सुटत होती. दोनदा 'काय?' म्हणून विचारलं, की ती 'काय न्हाई, जाऊ द्या' म्हणून मोकळी व्हायची. मायलेकींनी तर आणखी सोपं केलं होतं. त्याच्यासमोर बसून त्या तमिळमध्ये बोलायच्या. तनयाने कोइंबतूरला शिकायला जायचं असंच ठरलं, तो समोर बसून शेंगा सोलत असताना. नवी बॅग घरात आली तेव्हा त्याने विचारलं, ही कोणाची? त्यावर दोघी हसल्या होत्या.

चौकशीत काय झालं ते त्याने हेमलताला थोडक्यात सांगितलं. तिने गुरुराजलाच बोल लावला. हात घालायचा तर नीट सांगता येत नाही का, कसली तंजावरी बोली, म्हणाली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बायकोने बाजू घेतली म्हणून संजीवला बरं वाटायला हवं होतं. पण भात तसाच ठेवून तो उठला, तेव्हा ऊन सोसत नाही त्यांना, असं ती तनयाला म्हणाली.

रविवारी सकाळी चपात्या चालू असताना जिन्यावर एक म्हातारी आली. नऊवारी नेसलेली, पण नेसण तमिळ अय्यर ब्राह्मण बायकांसारखं वाटावं असं, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, घामाने निथळलेली. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमहून दोन बस बदलून आली होती. दारात उभी राहूनच तिने सांगून टाकलं.

"मी गुरुराजाची आई. सईबाई. मला ऐकूं येत नाहीं, तेव्हां उजेडांत ये, समोर बस आणि मग बोल. ओरडूं नको, अम्मा. ओरडलीस कीं तोंड वेडंवाकडं होतं, मग मला कांहीं कळत नाहीं."

सूर तमिळ होता, शब्द पोथीतल्यासारखे होते, आणि त्यातला एकही शब्द असा नव्हता की जो हेमलताला कळला नाही. विट्याजवळच्या तिच्या माहेरी पोथी वाचायला येणारे एक अनंतराव असेच बोलायचे. तिचा हात पिठात तसाच राहिला. ही मराठी नव्हे? कानशिलं तापल्यासारखी झाली आणि ते चुलीमुळे नव्हतं.

ती उठली, हात धुतले, पाणी दिलं आणि खिडकीच्या बाजूला समोर बसली. सईबाईने तांब्या रिकामा केला.

"भांडायला आलें नाहीं," ती म्हणाली. "बघायला आलें. आमच्या घरांत दहा पिढ्या हीच भाषा. शाळेंत तमिळ, कचेरींत इंग्लिश, चुलीपाशीं मात्र हीच. बोटं गेलीं तेव्हां माझा लेक रडला नाहीं. तुझ्या यजमानांनी ती मराठीच नव्हे म्हटलं, तेव्हांपासून नीट जेवत नाहीं. खरंच का तुम्हांला कळत नाहीं?"

कळतंय, असं हेमलता म्हणाली. सवयीने मान खाली गेली होती. सईबाईने बोटाने तिची हनुवटी वर केली आणि पुन्हा सांग म्हणाली. हेमलताला ते पुन्हा सांगावं लागलं, डोळ्याला डोळा देऊन. आयुष्यात एवढं छोटं वाक्य तिला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

संजीव भिंतीकडे तोंड करून चपाती फुगवत होता. घरात कोणी आलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. सईबाईने हाक मारली, "संजीवराव." तो वळला नाही. हेमलता ओशाळून मोठ्याने म्हणाली, "आवो, बघा की इकडं, पाव्हण्या आल्यात." तो वळला नाही. पुढची लाटलेली चपाती आली नाही म्हणून त्याने मागे न बघता हात पसरला. तो पसरलेला, पिठाने माखलेला हात हवेत तसाच राहिला. ते बघवेना हेमलताला. ह्यांना राग आला असेल, असं ती काहीतरी पुटपुटली.

सईबाई त्याच्याकडेच बघत होती. ती उठली, चुलीच्या कडेला त्याला दिसेल अशी उभी राहिली आणि दंडाला हात लावला. संजीव दचकला. मग हसला. कोणी काहीही म्हणालं तरी त्याला होकार ठरेल असं ते हसणं होतं.

"हें हसणं मला ठाऊक आहे," सईबाई म्हणाली. "सात वर्षं मीही असंच हसलें. मी गुरुराजाची आई. माझं बोलणं कळतं कीं नाहीं?"

तव्यावरची चपाती काळी व्हायला लागली होती. संजीवचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"कळतं," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं कळतं."

तिने पुढे विचारलं नाही. चपाती चिमट्याने उचलून बाजूला ठेवली, गॅस बंद केला, पिशवी घेतली आणि जिन्याकडे निघाली. दारात थांबून ती हेमलताला जे बोलली, ते संजीवला लांबून दिसलं पण समजलं नाही, कारण तिची पाठ होती.

त्या दिवशी अठरा डबे अर्धा तास उशिरा गेले. ते गेल्यावर हेमलताने पंखा बंद केला आणि नवऱ्याच्या समोर येऊन बसली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण अशी समोर बसून ती त्याच्याशी कधी बोलली होती ते तिला आठवेना. त्याने विचारलं, जाताना काय म्हणाली ती? हेमलताच्या जिभेवर 'काय न्हाई' आलंच होतं. गिळलं.

"म्हणाली, मला ऐकू येत न्हाई हे माझ्या घरातल्या मांजरालाबी ठाऊक हाय. तुझ्या घरात कुणाला ठाऊक हाय, असं विचारलं तिनं."

संजीवने तवा बाजूला सारला. मग सांगायला लागला. तीन मोजायची रीत सांगितली. तपासणीच्या गाडीतला खांदा सांगितला. गुरुराज ओरडला असेल, मला ठाऊक नाही, मी तीन मोजले, म्हणाला. एवढं सांगेपर्यंत हेमलता रडत होती. तिला वाटत होतं की लाज त्याने धरायची आहे आणि आपण त्याला धीर द्यायचा आहे. ते तसं राहिलं नाही.

"तनयाच्या कोइंबतूरचं कवा ठरलं?" त्याने विचारलं.

ती डोळे पुसायची थांबली.

"मला ठाऊक हाय कवा ठरलं ते. शेंगा सोलत हुतो. तमिळ मला तुझ्या आधीपासनं येतंय. कानांनी न्हाई कळत, पण तुमची तोंडं माझ्याकडं असायची." त्याने जिन्याकडे बोट केलं. "खालच्या जयवंतीला तू माझ्याबद्दल काय सांगायचीस, तेबी कळायचं."

खालच्या सायकलवाल्याच्या बायकोला, जयवंतीला, ती काय सांगायची? ओंडका म्हणायची. घरात ओंडका आणून ठेवलाय, असं तमिळमध्ये, त्याच्या देखत, हसत. हेमलताने तोंडावर पदर घेतला. तिला बोलायचं होतं, पण पदराआडून बोललेलं त्याला कळणार नाही, हे ध्यानात आलं आणि पदर काढावा लागला. उघड्या, रडवेल्या तोंडानेच तिने चुकलं म्हणून सांगितलं. त्याने ऐकलं. बरं म्हणाला नाही, असू दे म्हणालाही नाही.

"उद्या काय करणार?" तिने विचारलं.

"खोकी भरणार," संजीव म्हणाला.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये तो नेहमीसारखा मागे न बसता पुढे बसला. चौकशीच्या खोलीत गुरुराज आधीच आला होता. बँडेज आता लहान झालं होतं, त्यामुळे बोटं किती उरली ते कळत होतं. संजीवने खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो तर होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. हा बोलतो ती मराठीच आहे, तो म्हणाला. मला ती पूर्ण कळते. मला ऐकू येत नाही. पाच वर्षं लपवलं. हा ओरडला, त्याची चूक नाही.

हे सगळं त्याने हिंदीत सांगितलं. नारायणस्वामींनी चष्मा काढून पुसला. हरिप्रिया मॅडम फाइलीत मान घालून काहीतरी बोलू लागल्या, लिहिता लिहिता. त्यांचे ओठ कागदांकडे होते. संजीवला फक्त भांग दिसत होता. आजवर अशा वेळी काय करायचं ते त्याला पाठ होतं. हात जोडायचे, हसायचं आणि तेच दोन शब्द म्हणायचे. हात थोडे उचललेही गेले. ते त्याने मांडीवर दाबून धरले.

"मेडम," तो स्वच्छ तमिळमध्ये म्हणाला, "मुगत्त पात्तु पेसुंग. माझ्या तोंडाकडे बघून बोला. नाहीतर मला कळत नाही."

त्यांनी मान वर केली. आजवर ज्याला तमिळ येत नाही म्हणून सगळ्यांनी खाणाखुणा केल्या होत्या, तो माणूस असा बोलला. नारायणस्वामी आधी चकित झाले, मग त्यांचं तोंड कडवट झालं. दिवाळीत हा आपल्याशी कसा मुक्यासारखा हसत होता आणि आपण याला घरचा चकलीसारखा मुरुक्कू हाताने भरवला होता, ते त्यांना आठवलं असावं. फसवल्या गेलेल्या माणसाचं तोंड समजायला कान लागत नाहीत. संजीवने मान खाली घातली नाही. घातली असती तर पुढचं कळलं नसतं.

हरिप्रिया मॅडमनी मग सावकाश, त्याच्याकडे बघत सांगितलं. गुरुराजवर ठेवलेला ठपका काढून टाकायचा. संजीवला आजपासून प्रेसवर उभं राहता येणार नाही. तपासणीत फसवणूक केली त्याबद्दल वेगळी नोटीस निघेल, नोकरी राहील की नाही ते त्यानंतर. सगळं समजलं का, असं त्यांनी विचारलं. समजलं, तो म्हणाला. आणि खरोखरच समजलं होतं. इतकं नीट कारखान्यात कोणी त्याच्याशी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं.

बाहेर शेडच्या कडेला तो टोपी काढून उभा राहिला. ऊन भाजत होतं, पायाखालची जमीन प्रेसच्या दणक्यांनी हलत होती, तेवढी त्याला तळव्यांतून कळत होती. गुरुराज दारातून बाहेर आला. तो सरळ निघून जाईल असं संजीवला वाटलं, आणि तसं झालं तर बरं, असंही वाटलं. पण गुरुराज त्याच्या दिशेने आला. शेडच्या सावलीतून पुढे उन्हात सरकला, आपल्या तोंडावर उजेड पडेल असा. समोर, हातभर अंतरावर. आईशी बोलताना उभा राहत असेल तसा. आवाज चढवला नसावा, कारण गळ्याच्या शिरा फुगल्या नव्हत्या. एकेक शब्द त्याने पुरा उच्चारला.

"खरं बोललांत, बरं झालं. माझं काम राहील. आई म्हणाली, माफ कर. मी केलेलं नाहीं. बोटांचं म्हणत नाहीं. माझ्या भाषेला जें म्हणालांत, त्याचं."

संजीव त्याच्या ओठांकडे बघत होता. नजर काढून घ्यावी, जमिनीकडे न्यावी, असं त्याला फार वाटलं.

"कळलं?" गुरुराजने विचारलं.

"कळलं," संजीव म्हणाला. त्यातला एकही शब्द सुटला नव्हता.